भादव्यातली कोकिळा

आमच्या गावात मुलगा झाला की ताट वाजायचं. पितळी ताट आणि उलटी पळी. घरातला जो कुणी हौशी असेल तो तीन गल्ल्यांना ऐकू जाईल असं बडवायचा. मुलगी झाली की काहीच वाजत नसे. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेली माणसं एकेक करून उठत. कुणाला गोठ्यातलं काम आठवे, कुणाला दुकानातलं, आणि घर गप्प होई. त्या गप्प घरात एकच बाई कान देऊन बसलेली असे. ती आमची सुईणमाय.

वालूरच्या अलीकडं दोन कोसांवर आमचं गाव. सुईणमाय तिथल्या मांगवाड्यात राहायची. काळी, सडपातळ, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. हात मात्र इतके लहान की दहा वर्षांच्या पोरीचे वाटावेत. त्या हातांवर तिचा संसार चालला. गावातली दोन पिढ्यांची माणसं आधी त्या हातांत आली आणि मग स्वतःच्या आईच्या मांडीवर गेली. बाळंतपण झालं, नाळ तुटली, आंघोळी झाल्या की मात्र तिनं अंगणात उतरायचं, आणि पुन्हा त्या उंबऱ्याच्या आत यायचं ते पुढच्या वेणांना. मधल्या काळात तिच्या हातचं पाणी कुणी प्यायचं नाही. आम्हीसुद्धा प्यायलो नाही. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं गोड वाटायला लागेल.

तिची एक तऱ्हा होती. मुलगी झाली की नाळ कापायची आणि डावा हात वर करायची. हात वर गेला की खोलीतल्या बाईनं श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मग ती मान तिरकी करून ऐकत बसे. बाहेर पहिल्यांदा जे पाखरू बोलेल, जे जनावर ओरडेल, त्याचं नाव ती पोरीच्या कानात सांगायची. झालं नाव. बाराव्या दिवशी स्वामी येऊन गिरिजा, पार्वती, महानंदा असं काही ठेवून जात. ते नाव पाळण्याभोवती एकदा फिरे आणि तिथंच संपे. गावाच्या तोंडी राही ते हिचं.

म्हणून आमच्या गावात हरणी होती, चिमी होती, मैना होती, पारव्याची पारू होती. एक खारी होती, कारण तिच्या जन्माच्या वेळी कौलावर खार चिरचिरत होती. सावतामाळ्याच्या मळ्याजवळची एक कोंबी होती. तिला ते नाव मुळीच आवडायचं नाही, पण ती करते काय?

"पोरांना का नाही असं नाव देत?" असं कुणी विचारलं की सुईणमाय हात झटकायची. "पोराच्या वक्ताला ताट वाजायलेलं असतंय. त्यात कुटलं पाखरू ऐकू येतंय? पोरगी झाली की घरातल्यांची तोंडं बंद हुत्यात. लेकराला कुणी एक सबद बोलत न्हाई. मग जे आधी बोललं ते तिचं गणगोत. मी निस्तं सांगायचं काम करते."

हे ती अगदी सरळ बोलायची. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला ते जास्त लागायचं.

पोरींच्या कुंडल्या तेव्हा कोण मांडत होतं? जन्मवेळ विचारायची पाळी लग्न जमवताना येई, आणि मग सगळे मांगवाड्याकडं निघत. सुईणमाय दोरीला पीळ देत देत सांगे. कोकिळा म्हणजे चैत-वैशाखातली, सकाळची. पावशी मिरगाच्या तोंडाची. पिंगळी दिवस बुडतानाची. तिच्या शब्दावर मुहूर्त निघत. कारण साऱ्या गावाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की नावाच्या बाबतीत ही बाई खोटं बोलत नाही.

पाटलांनी तिला खोटं बोलायला लावून पाहिलं होतं. पाच मुलांवर त्यांना मुलगी झाली आणि पाटलीणबाईंच्या मनात हंसा नाव होतं. सुईणमायनं हात वर केला, आणि मागच्या परसात शेळी ओरडली.

"शेळी," ती म्हणाली.

पाटील स्वतः अंगणात आले. "अगं, जरा थांब की. दुसरं काही ओरडंल. हंसा म्हण. तुला लुगडं देतो, इरकली देतो."

"पाटील, हंस कुणी बगितलाय हो ह्या मुलखात? बदक सुदिक न्हाई. म्या काय मनून सांगू तिच्या कानात? उद्या ती पोरगी ईचारंल, माय, माजं पाखरू दाव. मी कुटून आनू?"

"मग मोर म्हण!"

"मोर वरडला न्हाई जी. शेळी वरडली."

लुगडं गेलं ते गेलंच, शिवाय त्या साली खळ्यावरचा तिचा वाटा पाटलांनी बंद केला. ती वर्षभर शिंदीचे झाडू विकून राहिली. पाटलांची हंसाबाई मात्र जन्मभर शेळूबाय. शेळूबायचा तिच्यावर फार जीव होता, हे पाटलांना कधी कळलं नाही.

खानेसुमारी आली तेव्हाची एक गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. तालुक्याहून एक कारकून आला होता, शेरवानी घातलेला, घामाघूम. चावडीच्या ओट्यावर बसून तो घरोघरच्या बायकांची नावं लिहून घेत होता. हरणी. चिमी. खारी. पारू. शेळी. चौथ्या-पाचव्या घराला त्यानं टाक खाली ठेवला.

"ये बस्ती है या जंगल?"

खाली, ओट्यापासून लांब, सुईणमाय उभी होती. ती म्हणाली, "जंगलच समजो साब. मर्दां के नावां देवां पर, औरतां के जनावरां पर. देव सुन्ते नै, जनावर सुन्ते."

कारकुनानं कपाळ पुसलं आणि पुढचं नाव विचारलं.

आता माझं सांगते. माझं नाव साळू. घरात मी तिसरी मुलगी, जन्म दिवेलागणीचा, त्या वेळी आमच्या दारच्या पिंपळावर साळुंक्यांचा एवढा गोंगाट चालतो की शेजारच्याचं बोललेलं ऐकू येत नाही. त्यामुळे माझ्या नावाबद्दल कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. माझी आजी शिवदीक्षा घेतलेली, मोठी कडक बाई. तिसरी मुलगी झाली म्हणून ती तीन दिवस जेवली नव्हती म्हणे. पण साळुंकी म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं. साळुंकी घराला वाईट नसते."

माझं दुखणं वेगळंच होतं. सुईणमाय वाटेनं जाताना ज्या पोरीला बघेल तिला तिच्या पाखराच्या आवाजानं हाक मारायची. नाव घ्यायचीच नाही. पारूला घुमून हाक, चिमीला चिवचिवून. शेळूबायसाठी तर अशी काही ओरडायची की परसातल्या शेळ्या माना वर करायच्या. पोरींना त्याचा केवढा तोरा! आणि मला? "काय गं पोरी, बरी हायस ना?" एवढंच. साळुंकीचा आवाज तिला काढता येत नव्हता असं नाही. गावात आणखी एक साळू होती, कोष्ट्यांची, तिला ती अगदी साळुंकीसारखी साद घालायची. मी मात्र नुसती पोरी.

पंचमीचा दिवस होता. लिंबाला झोके बांधलेले, आम्ही सगळ्या नवीन परकर घालून जमलेल्या. सुईणमाय झाडूंचा भारा घेऊन निघाली होती. थांबली, एकेकीला साद घातली. पोरी खिदळत उत्तर देत होत्या. माझ्यावर नजर आली आणि ती म्हणाली, "काय गं पोरी."

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. माझा राग नाकावर, तो अजून आहे. मी झोक्यावरून उतरले आणि तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मला का हाक मारत नाहीस? कोष्ट्याच्या साळूला मारतीस. मी काय केलंय तुझं?"

ती जरा गडबडली. मग हसल्यासारखं करून म्हणाली, "तुजं पाखरू लय उंच वरडतंय बाई. माजा घसा पुरत न्हाई."

बाकीच्या पोरी हसल्या. आणि मी, गल्लीतल्या मोठ्या पोरांच्या तोंडून ऐकलेलं, अर्थ न कळता ओरडले, "जा, टिटवीची माय!"

सुईणमायनं डोक्यावरचा भारा खाली ठेवला. एवढ्याशा झाडूंच्या भाऱ्याचं तिला ओझं झालं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. भ्याल्यासारखी बघत होती, मला ते तेव्हाही कळलं. मग भारा उचलून निघून गेली.

घरी बातमी माझ्याआधी पोचली. आईनं मला लाकडाच्या पळीनं मारलं. ती मारणारी बाई नव्हती. मारून झाल्यावर स्वतःच रडायला लागली आणि मग मला चुलीपुढं बसवून तिनं ते सांगितलं.

सुईणमायला एकच लेक होती. रानातल्या खोपटात ती एकटीच बाळंत झाली, आपल्या हातांनी नाळ कापली आणि हात वर करून बसली. नदीच्या वाळूत टिटवी ओरडली. नवरा म्हणाला, दुसरं काहीतरी म्हण. ती म्हणाली, ऐकलं ते ऐकलं. साऱ्या गावाच्या पोरींना खरं सांगायचं आणि आपल्या पोटच्या पोरीशी खोटं बोलायचं का? लेकीचं नाव टिटी पडलं.

टिटवी ओरडली की आमच्याकडं बायका चुलीतली राख फेकतात. कुणाच्या तरी घरचं माणूस जाणार असं समजतात. ते नाव घेऊन ती पोर मोठी झाली. पेडगावाकडं दिली. पाच महिन्यांत नवरा पटकीनं गेला. त्या साली पटकीनं कितीतरी माणसं नेली, पण सासरच्यांनी म्हटलं, टिटवी घरात घेतली, आता काय होणार? तिला परत आणून घातली. आमच्या गावानं तरी तिला जवळ केलं का? पेरणीच्या दिवसांत तिला कुणी शेताच्या बांधावर उभं राहू देईना. सकाळी ती समोर आली की गाडी जुंपलेली माणसं माघारी फिरत. कुणाचं वासरू मेलं तरी तिच्याकडं बोट. एक दिवस ती गावाबाहेरच्या विहिरीत सापडली.

"कधी?" मी विचारलं.

"तू व्हायच्या दोन महिने आधी," आई म्हणाली. "लेक गेली, तरी तिनं हट्ट सोडला न्हाई. तू झालीस तवा हात वर करून तशीच बसली. मला तर भ्याच वाटलं हुतं."

दुसऱ्या दिवशी मी गूळ घेऊन मांगवाड्याकडं गेले. तिनं पदर पसरला आणि मी वरून गूळ टाकला. हात लागू द्यायचा नाही, हे मला कुणी सांगायला लागलं नव्हतं. "आजी, माझं चुकलं," मी म्हणाले. तिनं मान हलवली. त्या दिवशीही तिनं मला साद घातली नाही. मी वरून टाकलेल्या त्या गुळाची लाज मला फार उशिरा वाटली.

पंधराव्या वर्षी माझं लग्न झालं. पूर्णेचं घर, नवरा रेल्वेत इंजिनावर खलाशी. त्यांच्याकडं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायची रीत होती. माझं सुमित्रा लिहिलं. गाडी निघताना सुईणमाय मांडवाबाहेरून पुढं आली, गाडीच्या चाकाला धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "तांदळातलं नाव घी, न्हाईतर साळू सांग. कुणी कितीबी ईचारलं तरी साळूच. दुसरं कायबी सांगू नको बाई."

मला त्याचं हसू आलं. दुसरं सांगायला माझ्याकडं होतंच काय?

पुढच्या तीन वर्षांत तिचे कान गेले. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. नाळ कापायची, हात वर करायची, आणि खोलीतल्या बायकांना परीक्षा घेतल्यासारखं विचारायची, "सांगा बगू, काय वरडलं?" बायकांना काय, त्या चांगलं तेच सांगत. त्या तीन वर्षांत गावात मोर आणि मैना फार झाल्या. लोक म्हणत, म्हातारी आता सुधारली. ती ऐकून घ्यायची, म्हणजे ओठांकडं बघायची, आणि सांगतील ते नाव पोरीच्या कानात घालायची. पण पूर्वी नाव सांगताना तिचा चेहरा उजळायचा, तो आता उजळत नसे.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले ते निजामीचं शेवटचं साल. रझाकारांच्या भीतीनं गाव जेठापासूनच रिकामं व्हायला लागलं होतं. गाड्या भरून लोक वऱ्हाडात जायचे. पाटील गेले, कोष्टी गेले, मांगवाडासुद्धा नदीपलीकडं नात्यागोत्यात पांगला. आमचं घर अडकलं ते माझ्यामुळं. मला दिवस भरत आले होते, गाडीत घालून न्यायची सोय नव्हती. वडील दाराला आतून आडणा लावून बसत आणि कुणी मोठ्यानं बोललं की डोळे वटारत.

सुईणमायला तिच्या दिरानं गाडी आणली होती. तिनं ती परत पाठवली. आमच्या अंगणात येऊन म्हणाली, "एक बाई अवघडलेली हाय गावात. मी कुटं जाऊ?"

भादव्यातल्या एका दुपारी माझी लेक झाली. पावसानं उघडीप दिली होती, ऊन पडलं होतं. आजी दाराबाहेर बसली होती. तिनं "काय झालं?" विचारलं, आईनं सांगितलं, आणि आजीच्या उठण्याचा आवाज मी ऐकला. आई ऊन पाणी आणायला चुलीकडं गेली. खोलीत आम्ही दोघी उरलो.

सुईणमायनं डावा हात वर केला.

एवढं गप्प गाव मी कधी ऐकलं नव्हतं. मोटा बंद, जात्यांची घरघर बंद, लेकरांचा आवाज नाही. मला ग्लानी होती तरी मी कान देऊन होते, कारण आता तिचे कान मीच होते. मनात म्हणत होते, चिमणी बोलू दे, कावळा बोलला तरी चालेल.

नदीकडून टिटवी ओरडली. लांबून पण स्पष्ट. टिटीव-टिव-टिव. थांबली. पुन्हा ओरडली.

सुईणमाय माझ्याकडं बघत होती. "काय वरडलं?"

मी बाळाकडं पाहिलं. लालभडक, मूठभर, डोळे मिटलेले. मला ती विहीर दिसली. मी म्हणाले, "कोकिळा."

तिनं माझ्या ओठांवरची नजर काढली नाही. "भादव्यात?" ती म्हणाली.

कोकिळा चैत-वैशाखातली, हे मी तिच्याच तोंडून लहानपणापासून ऐकत आले होते. मोर म्हटलं असतं, चिमणी म्हटलं असतं, काहीही खपलं असतं. एवढी घाबरलेली की जे गोड ते तोंडात आलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

ती वाकली आणि बाळाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "कोकिळा."

मग सरकत माझ्या उशाशी आली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही, म्हणून तिनं माझ्या कानालाच ओठ लावले.

"म्या बी असंच केलं हुतं. तुज्या मायला बी ठाव न्हाई. तू झालीस आन् पिंपळावर साळुंक्या लय कालवा करायल्या हुत्या. पर त्या मागून. आधी तीच वरडली. नदीकडून. माजी लेक जाऊन दोन मयने झालते. तुजी आजी दारात बसलेली. म्या मनलं, साळुंकी."

मी तिच्याकडं वळून बघायला गेले, पण तिनं माझं डोकं धरून ठेवलं होतं.

"उभ्या जल्मात तेवढं एकच खोटं. मनून तुला साद घालता येत न्हवती मला. साळुंकीची घालावी तर ती तुजी न्हवं. आन् तुजी घालावी तर गाव ऐकायला बसलंय. मला वाटायचं, तुला कळतंय सगळं. पंचमीला तू बोललीस तवा माजं रगतच गोठलं."

"आजी," मी म्हणाले, "मग ती टिटवी..."

ती कुठून ऐकणार? ती आपलंच बोलत होती. "टिटवी मरण आनत न्हाई गं. ती बिचारी निस्ती सांगती, पानी आलं, साप आला. पर लोकांना सांगणारीच वाईट दिसती."

आणि मग तिनं, माझ्या कानाला लागलेले ओठ न काढता, अगदी हळू, श्वासातल्या श्वासात साद घातली. टिटीव-टिव-टिव.

अठरा वर्षं मी त्या हाकेची वाट बघितली होती. मी "ओ" दिली. ती तिला ऐकू गेली नसणार, पण माझा चेहरा बघून तिला समजली. ती हसली, लहानशा हातांनी माझे डोळे पुसले, आणि आई पाणी घेऊन आत आली.

बाळाचं बारसं होईपर्यंत दिवस फिरले होते. निजामाचं राज्य गेलं, लोक परत यायला लागले होते. सुईणमाय अंगणात उभी राहून पाळणा बघून गेली. आईनं दिलेलं लुगडं घेतलं आणि म्हणाली, आता दिराकडं जाऊन येते, नदीपलीकडं. वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झाला होता. ती नदीत मध्यावर होती तेव्हा लोंढा आला. काठावरच्या धनगरांनी नंतर सांगितलं, आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो, चार-पाच टिटव्या तर तिच्या डोक्यावरून घिरट्या घालून ओरडत होत्या, म्हातारीनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. लुगडं सापडलं, दोन दिवसांनी ती सापडली. मी बाळंतीण, मला कुणी जाऊ दिलं नाही. कोष्ट्यांची साळू गेली, चिमी गेली, शेळूबाय तर अनवाणी धावत गेली.

माझा नवरा लेक आठ महिन्यांची असताना तापानं गेला. सासूबाई म्हणाल्या, पांढऱ्या पायाची. नणंदा म्हणाल्या, लेकीनं बापाला खाल्लं. बोलायचं ते सगळं बोलून झाल्यावर एकदा त्यांनी आमची नावं काढली, म्हणजे काही सापडतंय का ते बघायला. साळू आणि कोकिळा. त्यात त्यांना काही मिळालं नाही. त्या दिवशी मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. खरी नावं सांगितली असती तर पूर्णेच्या त्या घरातही मागच्या बाजूला विहीर होतीच.

मग मी परभणीला आले, शिकले, मास्तरीण झाले, हजेरीपटावरच्या हजारो पोरींना नावानं हाका मारल्या. लेकीला वाढवलं. ती आता साठीला आली. तिला गाणं येतं, लोक तिच्या नावाचं कौतुक करतात, अगदी शोभतं म्हणतात. तिच्या जन्माचा महिना भादवा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण कोकिळा भादव्यात ओरडत नाही हे माहीत असलेलं माणूस आता कुठं राहिलंय?

परवा ती माझ्या पायांना तेल लावत बसली होती. मध्येच म्हणाली, "आई, एक विचारू? तू मला कधी नावानं हाक मारलेली आठवत नाही. माझ्या मैत्रिणींना मारतेस, मोलकरणीला मारतेस, मला आपलं बाळ नाहीतर अगं. माझं नाव आवडत नाही का तुला?"

सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. आता कोण तिला घराबाहेर काढणार आहे, कोण राख फेकणार आहे? पण सासू झालेली, नातवंडं असलेली माझी पोर, आणि तिच्या नवऱ्याला जाऊन अजून वर्षसुद्धा झालेलं नाही. तिनं मनात काय जुळवलं असतं ते मला माहीत आहे. माझा नवरा गेला तेव्हा मी स्वतः तेच जुळवलं होतं.

मी म्हणाले, "तुझं पाखरू फार उंच ओरडतं गं. माझा घसा पुरत नाही."

ती हसली. तेलाची वाटी उचलून आत गेली. साठ वर्षांची झाली माझी लेक, आणि तिला अजून तिच्या नावानं कुणी हाक मारलेली नाही.